गुरवाचं बलुतं, पाद्र्याची दहावी पेंढी

गावगाड्यात बलुतेदारांच्या तीन ओळी असत. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, चांभार, महार. मधल्या ओळीत कुंभार, न्हावी, परीट. गुरव आणि मुलाणा धाकट्या ओळीत. गावागणिक चार नावं इकडची तिकडं होत, पण देवाची माणसं बहुतेक ठिकाणी शेवटीच. ज्याच्यावाचून पेरणी अडते त्याचं माप मोठं, ज्याच्यावाचून आरती अडते त्याचं लहान. कुणब्याचा हिशेब असा रोकडा होता. आमचं घर अहमदपूर तालुक्यातल्या गुरवाचं, त्यामुळं हा हिशेब मी आधी खळ्यावर शिकलो. पुढं तलाठी झालो तेव्हा त्याचीच सरकारी बाजू दप्तरात पाहिली.

ज्वारीची मळणी होऊन उपणणी झाली, रास पडली की दादा खांद्यावर पोतं टाकून निघत. तोंडानं मागायचं नाही, अशी त्यांची रीत. खळ्याच्या कडेला बसायचं, भंडारा लावायचा, पीकपाण्याचं बोलायचं. शेतकरी सूप भरून पोत्यात ओती. मोठ्या घरची रास असली तर वर कडब्याच्या चार पेंढ्या. त्या बदल्यात वर्षभर देवळाची झाडलोट, दिवाबत्ती, श्रावणी सोमवारी घरोघर बेल आणि लग्नकार्याला पळसाच्या पत्रावळी.

सूप सगळ्यांचं सारखं नसे. काही जण राशीच्या वरचं पिवळंधमक दाणं देत, काही जण तळाचं मातेरं. मातेरं आलं की आई दोन दिवस खडे निवडत बसायची आणि त्या घराचं नाव घेऊन बोलायची. दादा बोलत नसत. त्या घरी लग्न निघालं की "पान मिळंना बघा औंदा पळसाचं" एवढंच म्हणत, आणि पाटील समजायचं ते समजत. दुसऱ्या दिवशी पायलीभर ज्वारी दारात येई. दोन्ही बाजूंच्या हातात एकमेकांची दोरी होती. म्हणून ती व्यवस्था गोड होती असं मी म्हणणार नाही. महार-मांगांना तेच बलुतं मिळवताना जी मान खाली घालावी लागे, ती आम्हाला घालावी लागली नाही. ते बलुतं त्यांनी पुढं स्वतःहून नाकारलं, आणि ते योग्यच केलं.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हाच मामला कायद्याचा होता. दहाव्या शतकात राजा एडगरनं दशांश न देणाऱ्याला शिक्षा ठरवली. शेतात गव्हाच्या पेंढ्या रचल्या की पाद्र्याचा माणूस येऊन दर दहावी पेंढी खूण करून ठेवी, आणि तोवर बाकीचं पीक हलवायची सोय नसे. धान्याचा तो थोरला दशांश. कोकरं, लोकर, दूध, अंडी, मध यांचा धाकटा. शिवाय नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला चर्चचं धान्य, ईस्टरनंतर नांगरामागं पेनी, आणि चुलीमागं एक पेनी थेट रोमच्या पोपला. ही शेवटची पेनी आठव्या हेन्रीनं १५३४ मध्ये बंद केली. घरातलं कर्तं माणूस मेलं की सगळ्यात चांगलं जनावर जमीनदार नेई आणि त्याच्या खालोखालचं चर्च.

यातली खरी मेख पुढं आहे. बऱ्याच गावांचा थोरला दशांश मठांनी आपल्याकडं ओढला आणि गावात प्रार्थना चालवणाऱ्या पाद्र्याच्या वाट्याला धाकटा उरला. हेन्रीनं १५३६ ते १५४० या काळात मठ मोडले, तेव्हा ते हक्क जमिनीसारखे विकले गेले आणि सरदार-सावकारांच्या हाती पडले. म्हणजे शेतकरी दहावी पेंढी द्यायचा देवाच्या नावानं, आणि ती जायची अशा माणसाच्या कोठारात, ज्यानं त्या गावात कधी दिवाही लावला नाही. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी हे देणं नाकारलं, तुरुंगात गेले, जप्त्या सोसल्या. १८३६ च्या कायद्यानं धान्याऐवजी पैसा आला, तेव्हा कुठं शेतातली ओढाताण थांबली.

आपल्याकडं राजाच्या हुकमाचं देणं नव्हतंच, असं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला निकुंभ राजानं दिलेल्या उत्पन्नाची त्यात यादी आहे. बाजारात गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या, तेलाच्या प्रत्येक घाण्यामागं पळीभर तेल, आणि माप मठाचं वापरायचं. पण ही यादी एका मठाची, एका पेठेपुरती. गावोगावच्या देवळांना एका साखळीत बांधून वर रोमसारखं कुणी बसलेलं नव्हतं.

वर कुणी बसलं ते निजामाच्या हैदराबादेत. तेव्हा आमचा तालुका बीदर जिल्ह्यात होता. देवळं, मशिदी, दर्गे यांची व्यवस्था पाहायला सरकारचं धार्मिक खातं होतं, आणि सेवेच्या बदल्यात दिलेल्या जमिनीला खिदमतमाश म्हणत. मारुतीच्या पुजाऱ्याला जशी जमीन, तशीच दर्ग्याच्या मुजावराला. चौकशी होऊन हक्क ठरला की उर्दूत मुंतखब मिळे. आमच्या घरी तो कागद पत्र्याच्या पेटीत होता. दादांना त्यातलं एक अक्षर लागत नसे, पण दिवाळीला पेटीला हळदकुंकू वाहिलं जाई. कागदात मेख एकच: सेवा चालू तोवर जमीन.

नांदेडला याच दशांशाचं तिसरं रूप आहे. शिखांचा दसवंध, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, पाचवे गुरू अर्जनदेव यांच्या काळात रुळला. तो गोळा करायला गावोगाव मसंद नेमले होते. काळ गेला तसे मसंद माजले, आणलेल्या भेटीतलं मधल्या मधे राहू लागलं. गुरू गोविंदसिंगांनी खालसा स्थापनेच्या सुमारास मसंदच काढून टाकले आणि संगतीनं आपली भेट थेट आणावी असं सांगितलं. १७०८ मध्ये त्यांनी नांदेडला देह ठेवला. तिथं १८३२ ते १८३७ या काळात रणजितसिंहांनी सचखंडाची वास्तू उभारली. दहावा हिस्सा तिथं आजही येतो, पण मागायला कुणी खळ्यावर जात नाही, आणि लंगरात बसणाऱ्याला तू किती दिलंस असं कुणी विचारत नाही.

निजामाचं राज्य गेलं. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानं इनामं खालसा केली, पण धर्मसंस्थांची वगळली. त्यामुळं सातबाऱ्यावर देव राहिला आणि तहसिलीत वादही राहिले. नोकरीत अशी कितीतरी प्रकरणं पाहिली: सेवा करणारा पुण्याला, जमीन बटईनं, देवळात दिवा शेजारची म्हातारी लावते. इंग्लंडच्या सरदारात आणि आपल्या या वहिवाटदारात मला फार फरक दिसत नाही.

खळ्यावरचं बलुतं मात्र कुठल्या कायद्यानं गेलं नाही. ते सोयाबीननं नेलं. ज्वारीचं रान सोयाबीनखाली गेलं, मळणीयंत्रातून माल पोत्यात आणि पोतं थेट लातूरच्या आडतीवर. खळं गेलं, रास गेली, सूपभर सोयाबीन नेऊन गुरवानं भाकरी कशाची करायची? मग सप्ताहात पावती फाडून पैसे देणं आलं.

देवाच्या नावानं किती द्यावं यावर जगभर वाद झाले. दहावा हिस्सा इंग्लंडच्या कुणब्याला जुलूम वाटला, नांदेडच्या संगतीला वाटला नाही. आकडा दोन्हीकडं एकच. म्हणून कुठल्याही देवस्थानाची पावती हातात आली की रकमेच्या आधी मी खालची सही बघतो: घेणारा कोण, आणि दिवा लावणारा तोच आहे का.