पत्ता न विचारता लागणारा फोन

ज्याला फोन करायचा तो आत्ता कुठे आहे, हे करणाऱ्यानेच ओळखायचं, असा एक काळ होता. पश्चिम जर्मनीत १९७२ साली ‘बी-नेट्झ’ नावाची मोटारीतल्या टेलिफोनची सेवा सुरू झाली. समोरच्याची गाडी कोणत्या भागात आहे हे ठाऊक असेल, तरच त्या भागाचा कोड फिरवून फोन लागे. हीच पद्धत मुंबईच्या लोकलच्या कर्जत लाइनवर आली असती, तर अंबरनाथचा कोड वेगळा, बदलापूरचा वेगळा, आणि लोकल मधेच रखडली की कोणता फिरवायचा, याचा अंदाज बांधत बसायचं.

ही अडचण १९८१ मध्ये नॉर्डिक देशांच्या ‘एनएमटी’ यंत्रणेने सोडवली. आपण कुठे आहोत याची वर्दी फोनने स्वतःच द्यायची. ज्या एक्स्चेंजच्या हद्दीत तो शिरेल, त्या एक्स्चेंजने ती फोनच्या घरच्या एक्स्चेंजला कळवायची. पुढे जीएसएम या मोबाइल मानकाने यातूनच दोन नोंदवह्या पक्क्या केल्या, घरची ‘एचएलआर’ आणि मुक्कामाची ‘व्हीएलआर’. पाहुणा कोणाकडे उतरलाय एवढंच घरच्यांना माहीत असावं, आणि तो कोणत्या खोलीत आहे हे यजमानांना, तशी ही वाटणी आहे.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना तो केला. मुंबईच्या मोबाइल परवान्यात मुंबई आणि नवी मुंबईबरोबर कल्याण टेलिफोनची हद्दही धरली होती. त्यामुळे कल्याणहून पुण्याकडे निघालेल्या माणसाचं सर्कल, म्हणजे परवान्याचं क्षेत्र, वाटेत बदलायचं आणि रोमिंगचा आकार सुरू व्हायचा. ती रेघ लोकांना बिलात दिसली. तिच्याहून बारीक रेघा मात्र कोणाला दिसत नाहीत.

जीएसएममध्ये बरेच टॉवर मिळून एक ‘लोकेशन एरिया’ होतो. प्रत्येक टॉवर आपल्या एरियाचा क्रमांक अखंड ऐकवत असतो. खिशातला फोन तो ऐकतो आणि सिममध्ये लिहून ठेवलेल्या क्रमांकाशी ताडून पाहतो. जुळला तर गप्प बसतो, वेगळा निघाला तर ताबडतोब वर्दी देतो. म्हणजे उल्हासनगरच्या गल्ल्यांतून दिवसभर हिंडणाऱ्या माणसाचा फोन एरिया बदलेपर्यंत सहसा काही बोलत नाही. कॉल आला की त्या एरियातल्या सगळ्या टॉवरांवरून एकदम पुकारा होतो आणि फोन ‘मी इथे’ म्हणतो. जुना हँडसेट रेडिओशेजारी ठेवला की कधी कधी कॉल नसतानाही रेडिओ टर्र-टर्र करायचा. अनेकदा ती हीच वर्दी असायची. एरिया लहान केले तर वर्द्या वाढतात, मोठे केले तर पुकारे वाढतात. त्यातून लोकल ही आणखी अवघड गोष्ट. संध्याकाळची भरलेली गाडी रेघ ओलांडते तेव्हा हजारो फोन काही क्षणांत एकदम बोलू लागतात.

पण मला या शोधातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याचं बिघाडाशी वागणं. वही फाटणार हे जीएसएमच्या कर्त्यांनी आधीच धरून ठेवलं आणि त्यासाठी वेगळं मानकच लिहिलं. मुक्कामाची वही कोसळून पुन्हा उभी राहिली की आपल्या नोंदी ती खऱ्या मानत नाही. फोन कोणत्या एरियात आहे हेच माहीत नसेल, तर आपल्या सगळ्या हद्दीत पुकारा करते. घरची वही बिघडली तर ती जुन्या प्रतीवरून उठते आणि मुक्कामाच्या वह्यांना निरोप धाडते, की माझ्या नोंदींवर विसंबू नका, फोन पुन्हा बोलला की मला नव्याने कळवा. ही प्रत किती वेळाने काढावी, याचा हिशोब संशोधक यी-बिंग लिन यांनी १९९५ मध्येच मांडला होता.

बिघाड फक्त वह्यांचाच होतो असं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला. उल्हास नदीचं पाणी बदलापूर-कल्याण पट्ट्यात शिरलं, आणि मुंबई परिसरातले मोबाइल कित्येक तास मुके झाले. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकली, तेव्हा आतल्या प्रवाशांचे व्हिडिओ बाहेर पोचत होते. फोन चालू असणं म्हणजे काय, हे त्या दिवशी घरच्यांना कळलं असेल.

फोन बराच वेळ हलला नाही, तरी ठरावीक काळाने त्याला वर्दी द्यावीच लागते. जीएसएममध्ये तो काळ कंपनी ठरवते, सहा मिनिटांपासून साडेपंचवीस तासांपर्यंत. म्हणून घरच्या वहीच्या मोठ्या बिघाडानंतर असंही होऊ शकतं, की मुलगा अंबरनाथला घरीच आहे, फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतायत, आणि आईला मात्र तो ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असल्याचं ऐकू येतंय. त्याचा फोन बिघाडानंतर अजून बोललेलाच नसतो. त्याने स्वतःहून एक कॉल लावला, किंवा फ्लाइट मोड चालू करून बंद केला, की नोंद दुरुस्त होते आणि आईचा फोन लागतो.