आफ्रिकी देशांतील शैक्षणिक ज्ञानविनिमय आणि इंटरनेट

आफ्रिकेतील विद्यापीठे, शिक्षक व संशोधक पाठ्यसाहित्य, व्याख्याने आणि शोधनिबंध यांची इंटरनेटद्वारे आपापसांत करतात ती देवघेव. या विषयाची चर्चा बहुधा ‘आफ्रिकेला जगाचे ज्ञान कसे पोचवावे’ या प्रश्नापासून सुरू होते आणि तिथेच चुकते. लंडनमधले पुस्तक नैरोबीला उशिरा का होईना मिळत होते. नैरोबीतले संशोधन लुसाकाला मिळणे अधिक दुर्घट होते. खरी अडचण वाटेची होती, आणि हे अगदी शब्दशः खरे आहे. नैरोबीतून नैरोबीतच पाठवलेला ईमेल उपग्रहामार्गे परदेशाची फेरी करून परत येई आणि त्या फेरीचे परकीय चलनात पैसे मोजावे लागत. हे टाळण्यासाठी केनियातील इंटरनेट कंपन्यांनी २००० साली स्थानिक विनिमय केंद्र उभारले. सरकारी दूरसंचार कंपनीने आपल्या मक्तेदारीचा भंग होत असल्याची तक्रार केली आणि नियामकाने ते बंद पाडले. २००२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. घरातल्या घरात बोलण्यासाठीही परवानगी मिळवावी लागली, असा हा प्रकार होता.

वाटेचा हाच दोष शिक्षणाच्या योजनांतही उतरला. जागतिक बँकेने १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘आफ्रिकन व्हर्च्युअल युनिव्हर्सिटी’त प्रारंभी पाश्चात्त्य विद्यापीठांतील व्याख्याने उपग्रहावरून आफ्रिकी वर्गांत दाखवली जात. डॉ. अब्दुल कलाम यांनी २००४ साली मांडलेल्या कल्पनेतून २००९ मध्ये सुरू झालेल्या भारताच्या ‘पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्क’चे भूस्थानक सेनेगलमध्ये डाकारला होते, पण शिकवणारी विद्यापीठे प्रामुख्याने भारतीय होती. दोन्ही उपक्रमांचा विद्यार्थ्यांना उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. मात्र डाकार आणि कंपाला यांच्यात त्यातून फारसे संभाषण घडले नाही. व्हर्च्युअल युनिव्हर्सिटीचे मुख्यालय २००२ मध्ये नैरोबीला आले, ती पुढे आफ्रिकी राज्यांची आंतरशासकीय संस्था झाली आणि तिचे कामही पालटले. दहा देशांतील प्राध्यापकांनी मिळून गणित, विज्ञान व संगणकाचे पाठ लिहिले. ते इंग्रजी, फ्रेंच व पोर्तुगीज या तिन्ही भाषांत खुले केले गेले. या पाठांना ब्राझीलमधूनही मोठा वाचकवर्ग लाभला. ज्ञानाचा ओघ उलट्या दिशेने वाहण्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

या देवघेवीला पायाभूत आधार मिळाला तो संशोधन व शिक्षणासाठीच्या स्वतंत्र जाळ्यांमुळे. मलावीतील लिलाँग्वे येथून चालणारी ‘उबंटूनेट अलायन्स’ ही संघटना पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक जाळी जोडते. पश्चिम व मध्य आफ्रिकेसाठी अक्रा येथे तशीच संस्था आहे. पूर्व किनाऱ्यावर २००९ मध्ये ‘सीकॉम’ व २०१० मध्ये ‘ईझी’ या समुद्री केबल आल्या, तेव्हा या जाळ्यांना महागड्या उपग्रहाला पर्याय मिळाला. संशोधनपत्रिकांच्या बाबतीत ‘आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन’चा प्रवास बोलका आहे. १९९८ मध्ये इंग्लंडमधून प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली ही सेवा २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेली आणि आज तिच्यावर आफ्रिकेत निघणाऱ्या शेकडो पत्रिका आहेत.

यावर पहिला आक्षेप असा, की अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांचे अभ्यासक्रम फुकट उपलब्ध असताना हा दुहेरी खटाटोप कशाला? भौतिकशास्त्रापुरता तो रास्त वाटतो. मलेरियाचे उपचार, मक्यावरील कीड किंवा ऐंशी मुलांच्या वर्गात शिकवण्याची रीत यांबाबत मात्र शेजारच्या देशाचा अनुभवच जवळचा ठरतो. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: या जाळ्यांना जोडणाऱ्या ‘आफ्रिकाकनेक्ट’ प्रकल्पाचा बहुतांश खर्च युरोपीय संघ उचलतो, मग स्वावलंबन कुठे राहिले? अवलंबित्व आहेच. पण अभ्यासक्रम बाहेरून ठरणे आणि तारांचा खर्च बाहेरून येणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात काय शिकवायचे याचा निर्णय आफ्रिकेतच होऊ शकतो. शिवाय सदस्य देशही आपला वाटा भरतात. अनुदान आटले तर सगळीच जाळी तग धरतील, असे मात्र म्हणवत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप व्याप्तीचा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार आफ्रिकेत इंटरनेट वापरणाऱ्यांचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास होते, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आबिजानजवळ चार समुद्री केबल तुटून पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांचा संपर्क विस्कळीत झाला. तरीही इंटरनेट म्हणजे अखंड जोडणीच, हे गृहीतक तपासून पाहावे लागते. ‘एच३एबायोनेट’ या जैवमाहितीशास्त्राच्या जाळ्याने २०१६ मध्ये दहा देशांतील वीस संस्थांमध्ये एकच प्रास्ताविक अभ्यासक्रम चालवला. व्याख्याने आधीच ध्वनिचित्रित केलेली होती. ती उतरवून घेऊन स्थानिक वर्गात एकत्र बसून पाहायची, शंका तिथल्याच साहाय्यकाला विचारायच्या आणि व्याख्यात्याशी ठरल्या वेळी ऑनलाइन बोलायचे, अशी व्यवस्था होती. संपर्क तुटला तरी वर्ग थांबत नसे. प्रत्येक ठिकाणी साहाय्यक तयार करावा लागत असल्याने ही पद्धत कष्टाची आहे, पण अभ्यासक्रम संपल्यावरही तो जाणकार माणूस त्या संस्थेतच उरतो. प्रौढ संशोधकांच्या लहान वर्गांत साधलेले हे लाखो मुलांच्या प्राथमिक शाळांत तसेच साधेल, याचा पुरावा अर्थातच त्यातून मिळत नाही.