एका नाण्यावर दोन राजे

दोन वर्षांपूर्वी एका नाणे-प्रदर्शनाबाहेर, चहाच्या टपरीवर, एका माणसाने माझ्यासमोर रुमालाची गाठ सोडली. आत चांदीची चाळीसेक लहान नाणी होती. काहींना अजून माती चिकटलेली. "शेतात सापडलीत. कुठलं शेत ते विचारू नका. हवी ती दोन-चार निवडून घ्या," तो म्हणाला.

मी कोल्हापूरचा. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि पहिल्या पगारापासून नाणी जमवतो. 'निवडून घ्या' म्हटल्यावर माझा हात पुढे गेला, आणि मग थांबला. तो का थांबला हे सांगण्यासाठी आधी १९०६ सालच्या एका सापडलेल्या साठ्याबद्दल सांगावं लागेल.

त्या वर्षी नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जोगलटेंभी या गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख 'जोगलथेंबी' असाही येतो. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो तपासला आणि मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलात त्यावर लेख लिहिला. सव्वातेरा हजारांच्या वर, म्हणजे १३,२५० हून अधिक नाणी. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि त्याभोवती ग्रीक लिपीतला मजकूर, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी. दोन ग्रॅमच्या आसपास वजनाच्या चकतीवर तीन लिप्या!

पण स्कॉट यांच्या हाती लागलेली खरी गोष्ट वेगळी होती. यातल्या ९,२७० हून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजाने आपला छाप मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर आणि 'गौतमीपुत्र श्री सातकर्णी' हे नाव, मागच्या बाजूला चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह. नव्या छापाखालून जुन्या राजाचं नाक, कान, ग्रीक अक्षरांचा तुकडा अजून डोकावतो. डेटाबेसमध्ये जुन्या नोंदीवर नवी लिहिली की जुनी जाते. इथे ती गेली नाही.

आमच्या कोल्हापूरजवळ हुपरीला चांदीचे पैंजण घडतात. त्यामुळे चांदी म्हणजे वितळवायची आणि नवं काही करायची वस्तू, असंच लहानपणापासून डोक्यात. मग सातकर्णीने ही नाणी वितळवली का नाहीत? वितळवायची तर भट्टी हवी, पुन्हा सारख्या वजनाचे तुकडे पाडायला हवेत. नहपानाची नाणी मुळात वजनाला नेमकी आणि बाजाराच्या ओळखीची होती. त्यांच्यावर ठोकलेल्या छापाने चलन तेच ठेवलं, फक्त मालक बदलल्याचं जाहीर केलं.

त्या चलनाचा हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवले. त्यातले २,००० कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. मी कागदावर मांडून पाहिलं: महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. हिशेब चोख जुळतो. हे कार्षापण म्हणजे नहपानाची चांदीची नाणीच, असं बरेच अभ्यासक मानतात.

याच लेण्यांत गौतमीपुत्राचाही लेख आहे. पूर्वी उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनांचं शेत भिक्षूंना देतो, असं त्यात म्हटलंय. त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख त्यानंतरचा, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातला. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश समूळ उखडला, असं ती लिहिते. जेत्याच्या आईने लिहिलेली स्तुती म्हणून कुणी तिच्यावर शंका घेऊ शकला असता. जोगलटेंभीच्या साठ्यानंतर ते कठीण झालं.

मात्र हे कुठलंही एक नाणं सांगू शकत नाही. दुहेरी छापाचं एकच नाणं हाती आलं असतं, तर एखाद्या टांकसाळीत झालेली गंमत म्हणून ते सोडून देता आलं असतं. सगळा ढीग एकत्र मोजला, म्हणून कळलं की शंभरातल्या सत्तर नाण्यांवर नवा छाप पडला होता आणि तिसांवर पडायचा राहिला होता. म्हणजे नाणी गोळा करून छापण्याचं काम मोठ्या प्रमाणावर चाललं होतं आणि ते पूर्ण होण्याआधी हा साठा जमिनीत गेला. न छापलेली तीस टक्केही तितकंच बोलतात.

कोल्हापूरलाही असंच झालं आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत कुर राजांची शिशाची नाणी सापडतात. त्यांच्यावर धनुष्यबाण असतो. विळिवायकुर, शिवलकुर ही नावं कुठल्याही पुराणात नाहीत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी कुणाच्या नाण्यावर कुणाचा छाप आहे हे पाहिलं आणि तीन राजांचा क्रम लावला. छाप वर ज्याचा, तो नंतरचा. इतकं साधं, पण त्यासाठी बरीच नाणी शेजारी शेजारी असावी लागतात.

अमेरिकेत रेनो शहरातला लव्हेअर रेडफील्ड १९७४ साली वारला तेव्हा त्याच्या घरात चार लाखांहून अधिक चांदीचे डॉलर निघाले. १९७६ मध्ये ते ७३ लाख डॉलरला एकगठ्ठा विकले गेले. त्यातली बरीच नाणी पुढे त्याच्या नावाच्या प्लास्टिकच्या डबीत बसून विकली गेली, आणि आजही त्या डबीचे जादा पैसे मोजणारे आहेत. हा धंदाच, पण त्यात निदान उगमाची चिठ्ठी नाण्यासोबत राहते. माझ्याकडे दुहेरी छापाचं एक नाणं आहे. विकणाऱ्याने 'जोगलटेंभीचंच' म्हणून दिलं. असेलही. चिठ्ठी नाही.

म्हणून टपरीवर माझा हात थांबला. त्या रुमालात कुणाची किती नाणी होती, भांडं होतं का, सोबत आणखी काय होतं, यातलं काहीच त्या दिवशीनंतर कुणाला कळणार नव्हतं. मी दोन घेतली असती तर उरली असती अडतीस, आणि संध्याकाळपर्यंत ती वीस घरांत गेली असती.

"कलेक्टरला कळवलं का?" मी विचारलं. तो हसला. त्याचं हसणं मला पूर्ण चूक वाटत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा सापडलेलं धन कळवायला सांगतो. सरकारने ते ठेवून घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची त्यात तरतूद आहे. म्हणजे दोन ग्रॅम चांदीचे पैसे. बाजारात त्याच नाण्याला त्याच्या कितीतरी पट मिळतात. जो कायदा नाण्याला हुपरीच्या भट्टीच्या भावाने मोजतो, तो शेतकऱ्याला गप्प राहायलाच शिकवतो.

मी त्याला एवढंच म्हटलं की विकण्याआधी सगळ्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढू, वजन करू, मी पैसे घेणार नाही. त्याने रुमालाची गाठ मारली. "घेणार नसाल तर फोटो कशाला?"

मी घेतली नाहीत, म्हणून काही वाचलं असं नाही. ती कुणीतरी घेतलीच असणार. फरक इतकाच पडला की त्यानंतर मी उगम न सांगता येणारं एकही नाणं घेतलेलं नाही, आणि माझ्या वहीत प्रत्येक नाण्यापुढे वजन, कुठून आलं, कुणी दिलं, असे रकाने आहेत. त्या दुहेरी छापाच्या नाण्यापुढचा 'कुठून' हा रकाना मी रिकामा ठेवला आहे. विकणाऱ्याने सांगितलेलं नाव तिथे लिहायचा मोह होतो. लिहिलेलं नाही.