सव्वादोन फुटांचा फरक : हुबळीचा मीटरगेज

हुबळी-धारवाडच्या रेल्वेबद्दल बोलायचं म्हटलं की आपली मराठी मंडळी कंपनीच्या नावावर अडतात. सदर्न मराठा रेल्वे, स्थापना १८८२. पण त्यातला 'मराठा' म्हणजे इंग्रजांच्या दप्तरातला 'दक्षिण मराठा मुलूख', एवढंच. मला विचाराल तर या मार्गाचा खरा इतिहास नावात नाही, रुळांमधल्या अंतरात आहे. मुंबईहून पुण्याला येणारा जी.आय.पी.चा मार्ग साडेपाच फुटी, आमचा एक मीटरचा. या सव्वादोन फुटांच्या फरकानं शंभर वर्षं आम्हाला कोण जवळचं आणि कोण लांबचं ते ठरवलं.

मीटरगेज निवडला तो स्वस्त म्हणून. १८७६-७८ च्या दुष्काळात या भागात धान्य पोचवायची पंचाईत झाली होती. बैलगाडीनं न्यावं तर बैलालाही वैरण-पाणी लागतंच की! कमी पैशात जास्त मैल रूळ टाकायचे, या हिशेबानं होटगी-विजापूर-गदग मार्ग १८८४ मध्ये झाला. दुष्काळी कामच ते.

दुसरं कारण कापूस. 'धारवाड-अमेरिकन' कापसाला विलायतेत मागणी होती आणि त्याला समुद्र गाठायचा होता. आधी सगळ्यांची नजर कारवारवर होती. पण १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर माप मुरगावच्या पदरात पडलं. (हुबळी-अंकोला मार्गाचं बोलणं आजही चालूच आहे, गाडी मात्र नाही.) पोर्तुगीज हद्दीत वेगळी कंपनी होती, तरी गेज हाच. कॅसलरॉक ते कुळे हा घाट १:३७ चढाचा, म्हणजे सदतीस फुटांना एक फूट. इकडं लोंढ्याहून बेळगाव, मिरज करत मीटरगेजच १८९० मध्ये पुण्याला भिडला.

परिणाम असा, की गोवा, विजापूर, बेंगळूर हे सगळं एका गेजवर आलं आणि मुंबईला जाताना मात्र पुण्यात गाडी बदली. माल असेल तर प्रत्येक गठ्ठा एका वाघिणीतून काढून दुसऱ्या वाघिणीत भरायचा. सोलापूरच्या बाजूला तोच प्रकार होटगीला. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज रुंद झाला, मग ही बदली मिरजेला आली. आमच्याकडची वडीलधारी मंडळी पुण्या-मुंबईचं अंतर तासांत सांगायचीच नाहीत. 'मिरजेला गाडी मिळाली का?' हाच प्रश्न. वळकटी, ट्रंक, पोरं, हमाल आणि पहाटेचा फलाट.

तोटाच झाला म्हणावं, तर तसंही नाही. मीटरगेजची इंजिनं-डबे ब्रॉडगेजच्या कारखान्यात रुळावरून जाऊच शकत नव्हते. त्यांची दुरुस्ती मीटरगेजवरच व्हायला हवी, म्हणून गदग रस्त्यावरचं वर्कशॉप वाढलं आणि त्याबरोबर हुबळी. धारवाडच्या वाट्याला मान आला आणि गेलाही. कंपनीची कचेरी तिथं होती. १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी विलीनीकरण झालं, कारभार मद्रासला गेला. त्या देखण्या इमारतीत पुढं कर्नाटक कॉलेज आलं. कॉलेजची स्थापना १९१७ ची.

गाण्याच्या लोकांना तर या छोट्या गाडीचं ऋणच आहे. गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांकडं शिकायला हुबळीहून कुंदगोळला रेल्वेनंच जात. भीमसेन जोशी १९३३ मध्ये गदगहून घर सोडून निघाले, ते आधी विजापूरला. दुष्काळासाठी टाकलेले रूळ असे भलत्याच कामी आले!

गोव्याकडची वाट १९५५ मध्ये बंद पडली. मुक्तिलढ्याच्या त्या दिवसांत कॅसलरॉकची सरहद्द ओलांडून गाड्या जाईनाशा झाल्या, त्या गोवा मुक्त झाल्यावरच पुन्हा सुरू झाल्या.

रुंदीकरण आलं १९९० च्या दशकात. लोंढा, मिरज, गोवा असं एकेक होत गेलं, गदग-होटगी मागाहून. मिरजेची बदली संपली. १ एप्रिल २००३ ला दक्षिण पश्चिम रेल्वेचं मुख्यालय हुबळीत आलं. मद्रासला गेलेला कारभार असा पंचाण्णव वर्षांनी परत आला, फक्त धारवाडला नाही. मार्च २०२३ मध्ये हुबळीत १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाचं उद्घाटन झालं. तो जगातला सर्वांत लांब म्हणतात. घाटाचा चढ मात्र तेवढाच आहे. कुळ्याहून वर येणाऱ्या गाडीला अजूनही जादा इंजिनं लावावी लागतात.