तारण, गहाण आणि आपला वऱ्हाड



मृग जवळ आला की अमरावती-अकोल्याकडे बियाण्याच्या पैशासाठी पाटल्या, पोत बँकेत जातात. पावतीवर लिहिलेलं असतं ‘सोनेतारण’. घरी आपण म्हणतो, ‘गहाण ठेवलं’.

‘ग्रहण’ म्हणजे धरून ठेवणं. प्राकृतात त्याचं ‘गहण’ झालं आणि मराठीत ‘गहाण’. आपल्या अपरिग्रहातला ‘ग्रह’ तोच! ‘तारण’ मात्र ‘तॄ’, म्हणजे पार होणं, या धातूपासून आलं. तीर्थ, तीर्थंकर हे शब्दही तिथलेच. कर्ज बुडू देत नाही ते तारण. (तरतो तो सावकाराचा पैसा, हे आपण बायकांनी ध्यानात ठेवावं.)

आपला अख्खा वऱ्हाडच एकदा असा अडकला होता. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज होती. तिचे पगार थकले, कंपनीचं कर्ज चढलं. मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. वसुलातून फौजेचा खर्च आणि व्याज भागवायचं, दरवर्षी हिशेब दाखवायचा, उरेल ते निजामाला द्यायचं.

१८६० च्या तहात उरलेलं ५० लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिव, रायचूर परत गेले. वऱ्हाड मात्र सुटला नाही, आणि हिशेब दाखवण्याचं बंधनही गेलं. मी कॉमर्सची, मला खटकतं ते इथे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘न्यासापहार’ आहे. ठेव ठेवणारा मोजणी विसरला, कमी मागू लागला आणि आपण ‘हो, एवढंच होतं’ म्हटलं, तरी दोष लागतो. इथे तर मोजणीच बंद!

निजामाचे दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मिळावा म्हणून झटत राहिले. १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही जाऊन आले. उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला. पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताला जोडला गेला.

१९३६ मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. कारभार नागपूरहूनच चालत राहिला.