भोंगा थांबला, नोटिशीचं काय?



आपल्या रामदासपेठेतून गांधीसागराकडे गेलं की एम्प्रेस सिटी मॉल लागतो. तिथे पूर्वी एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केली. कामगारांना 1886 मध्ये पेन्शन फंड आणि 1895 पासून अपघाताची भरपाई मिळाली. भरपाईचा कायदा आला थेट 1923 मध्ये!

तरीही ही गिरणी 1986 मध्ये टाटांकडून सरकारी महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये कायमची बंद पडली. मालक चांगला असला तरी कायदा लागतोच, तो यासाठी.

औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली कपातीचे नियम आले. वर्षभर काम केलेल्याला एक महिना आधी, कारण सांगून लेखी नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार; शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. 1976 मध्ये 300 कामगारांच्या कारखान्यांना तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची परवानगी सक्तीची झाली. पुढे ही मर्यादा 100 वर आली. 2020 च्या संहितेने ती पुन्हा 300 केली.

नोटिशीचा महिना म्हणजे घराला मिळालेली सवड. किराणा, फी, गटाचा हप्ता यांची जुळवाजुळव त्यातच होते. पण 'वर्षभर' म्हणजे 240 दिवस भरल्याचा पुरावा हवा. गटाच्या वहीत आपण रुपया न् रुपया लिहितो ना? मग घरातल्या प्रत्येकाच्या हजेरीची, पगाराची चिठ्ठीही जपून ठेवा.