परसातील झुडपांचा प्रवास : मागितलेली फांदी आणि विकत घेतलेले रोप

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील अंबाडी हे गाव भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर असून वज्रेश्वरी व गणेशपुरी या क्षेत्रांना जाणारा रस्ता येथूनच फुटतो. गावाच्या नावाची एक वनस्पती महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या आंबट पानांची भाजी होते, सालीपासून वाख निघतो, आणि ती जास्वंदीच्याच कुलातील, किंबहुना त्याच प्रजातीतील आहे. नामसाम्यावरून गावाची व्युत्पत्ती लावण्याचा मोह येथे आवरलेला बरा. परंतु या दोन सगोत्र वनस्पतींमध्ये जो एक भेद आहे तो प्रस्तुत विवेचनास फार उपयोगी पडणारा आहे. अंबाडी दरवर्षी बियांपासून पेरली जाते. अंगणातील जास्वंद मात्र फांदी लावूनच वाढवितात, कारण आपल्याकडे तिला बी क्वचितच धरते. बी वाऱ्याने, पाण्याने, पाखराच्या पोटातून किंवा धान्यात मिसळून कोठेही जाऊ शकते. फांदी कोणी तरी तोडावी लागते, कोणी तरी वाहून न्यावी लागते आणि सुकण्यापूर्वी मातीत खोवावी लागते.

घराभोवतीच्या झुडपांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती कागदपत्रांची. कोकणातील माड, पोफळी, आंबा, फणस यांचा उल्लेख जुन्या दफ्तरांत जागोजागी सापडतो, कारण त्यांच्यावर आकार बसत असे, त्यांची वाटणी होत असे आणि त्यांच्यावरून भाऊबंदकीचे तंटेही होत. तगर, कण्हेर, अबोली, मोगरा यांच्यावर कोणी कर बसविला नाही. ज्यावर कर नाही त्याची गणती नाही, आणि ज्याची गणती नाही त्याचा इतिहास नाही, असा समज त्यामुळे दृढ झाला. तो बरोबर नाही. दफ्तर मूक असले तरी वनस्पतीची प्रजननाची रीत आणि तिचे लोकभाषेतील नाव हे दोन पुरावे आपल्या हाती उरतात. त्यांच्या आधारे घरगुती बागेच्या इतिहासाचा एक धागा उलगडता येतो, असे आम्हांस वाटते.

जास्वंदीचेच उदाहरण घेऊ. लिनियसने १७५३ मध्ये हिला चीनच्या गुलाबाचे नाव दिले, तरी पश्चिम किनाऱ्यावर ती त्यापूर्वीच स्थिरावली होती. कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलाबारिकस’ या ग्रंथाचे खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. त्यांत हिचे चित्र व वर्णन आहे. या ग्रंथाच्या कामी रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी साहाय्य केले आणि १६७५ मध्ये नागरी लिपीत तसे प्रमाणपत्रही लिहून दिले, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुहेरी पाकळ्यांची जास्वंद तर बहुधा वांझच असते. तेव्हा अंबाडीच्या एखाद्या अंगणात अशी जास्वंद उभी असेल, तर तिच्यामागे हातांची एक अखंड साखळी आहे. एका हाताने दिले, दुसऱ्याने घेतले. मध्ये एकही कडी तुटली असती तर ते झुडूप तेथे दिसले नसते. जुन्या करारनाम्यालाही इतकी अखंडता क्वचितच लाभते.

अशा अंगणात उभे राहून ‘ही कोठून आणली?’ असे विचारले असता उत्तरादाखल दुकानाचे नाव सहसा येत नाही. माणसाचे किंवा गावाचे नाव येते. ‘आमच्या सासूबाईंनी माहेराहून फांदी आणली होती’ असे एका आजींनी आम्हांस सांगितले, आणि त्याच श्वासात त्या फांदीला सकाळचे ऊन हवे, दुपारचे सोसत नाही, हेही सांगितले. फांदी मागून आणण्याच्या रिवाजाचे सारे मर्म या दोन वाक्यांत आले आहे. देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे केवळ काडी जात नसे. ती केव्हा लावावी, कोठे लावावी, गुरे तिला तोंड लावतात की नाही, देवाला कोणते फूल चालते, हे सर्व ज्ञान तिच्याबरोबर जात असे. मृग लागला की वईच्या कडेने बोटभर जाडीच्या काड्या खोवायच्या. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात पुढचे काम आकाशच करी. मोगऱ्याची फांदी वाकवून मातीत दाबावी आणि मुळे फुटल्यावर तोडावी, ही दाब कलमाची रीतही अशीच घरोघर शिकली गेली.

परंतु ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्यांची आपली म्हणून ओळखतो, ती सर्वच झुडपे येथली नव्हेत. पारिजातक येथला, गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याला ‘दुःखी वृक्ष’ म्हणून त्याची कथाही दिली आहे. तगर, अबोली, अडुळसा, करवंद हीही भारतीयच. देवळाच्या प्राकारात पाकळ्यांचा सडा घालणारा पांढरा चाफा मात्र मेक्सिको व कॅरिबियन बेटांच्या बाजूचा असून १४९२ पूर्वी तो आपल्याकडे असणे शक्यच नाही. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी आप्पांच्या वसईविजयानंतर, म्हणजे १७३९ नंतर, उभे राहिले. त्या प्रदेशावर तत्पूर्वी सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीजांचा अंमल होता. तेव्हा चाफ्याला येथे येऊन रुळण्यास अवधी पुष्कळ मिळाला. त्याला देवचाफा म्हणतात, हे आमच्या मते विशेष अर्थपूर्ण आहे. आपल्या सोनचाफ्याचे नाव या परक्याला मिळाले आणि वर ‘देव’ हा उपसर्गही मिळाला. लोकांनी त्याला नुसते सामावून घेतले नाही, तर गोत्र बहाल केले. पिवळी कण्हेरही अशीच अमेरिकेची. नाव मात्र आपल्या कण्हेरीचे.

आता चाफ्यासारखे झाड, जे आपल्याकडे क्वचितच शेंग धरते, ते एवढा समुद्र ओलांडून आले कसे? त्याचे उत्तर त्याच्या चिकात आहे. चाफ्याची जाड, दुधाळ फांदी तोडून कित्येक आठवडे कोरडी ठेवली तरी मरत नाही. मातीत लावताच मुळे धरते. शिडाच्या जहाजावरील दीर्घ प्रवास तिला सोसला. सर्वच झुडपांची अशी प्रकृती नसते. कोवळ्या फांद्या खारे वारे व पाण्याची टंचाई यांनी वाटेतच मरत. ही अडचण दूर केली ती लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या वैद्याने. १८२९ च्या सुमारास त्याच्या ध्यानात आले की, बंद काचपात्रातील ओलावा आतल्या आत फिरत राहतो आणि रोप बाहेरच्या पाण्यावाचून जगते. १८३३ मध्ये अशा काचपेट्यांतून रोपे ऑस्ट्रेलियापर्यंत सुखरूप पोचली. घरगुती बागेच्या इतिहासात या पेटीचे महत्त्व आगगाडीइतके मानले तरी अतिशयोक्ती होणार नाही. बी न धरणारी झुडपेही आता एका खंडातून दुसऱ्या खंडात नेता येऊ लागली.

याच सुमारास पश्चिम भारतात रोपे जमविणाऱ्या व वाटणाऱ्या संस्था निर्माण झाल्या. पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ मध्ये सरकारी वनस्पतिउद्यान सुरू झाले. अलेक्झांडर गिब्सन हे १८३८ पासून त्याचे अधीक्षक होते. मुंबईत १८३० मध्ये ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झाली. तिच्या आश्रयाने जॉन ग्रॅहम यांनी मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची तयार केली. टपालखात्यातील या अधिकाऱ्यास १८३९ मध्ये खंडाळा येथे मृत्यू आला, आणि उरलेले काम निमो यांनी पुरे केले. सोसायटीची शिवडी येथील बाग पुढे दफनभूमी झाली. भायखळ्याची बाग १८६२ मध्ये लोकांस खुली झाली व राणीची बाग म्हणून प्रसिद्धी पावली. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाते. पुण्यात १८८४ मध्ये पेस्तनजी पोचा यांची बियाण्यांची पेढी निघाली. या साऱ्या घटना पुण्या-मुंबईच्या. परंतु फांदी मागण्याऐवजी रोप विकत आणण्याची चाल येथूनच सुरू झाली, आणि ती हळूहळू भिवंडी-वाड्याच्या अंगणांपर्यंत पोचली.

बोगनवेल ही या नव्या चालीची उत्तम साक्ष होय. कोमेर्सों या फ्रेंच वनस्पतिज्ञाने तिचा नमुना १७६७ मध्ये ब्राझीलच्या रिओ येथे गोळा केला आणि तिला आपल्या जहाजाच्या नायकाचे, बूगँव्हिल याचे, नाव दिले. १८६० च्या सुमारास ती युरोपातून कलकत्त्यास आली. मराठी कानाने त्या फ्रेंच आडनावाची फोड ‘बोगन’ आणि ‘वेल’ अशी केली आणि परदेशी दर्यावर्दी आपल्या वेलींच्या पंक्तीस येऊन बसला. क्रोटनला अशी सोय लाभली नाही. तो क्रोटनच राहिला. विकत आणलेल्या रोपाबरोबर विक्रेत्याचा शब्द येतो, शेजारणीचा नव्हे, हे या नावांवरूनही दिसून येते.

येथवरचा इतिहास कोणासही सुखाचा वाटेल. परंतु त्याची दुसरी बाजू अंबाडीहून फार दूर नाही. तानसेच्या खोऱ्यातील व तुंगारेश्वराच्या बाजूच्या वनांत शिरल्यास साग-खैराच्या तळाशी घाणेरीची दाट, काटेरी जाळी आढळते. ही घाणेरी, जिला टणटणी असेही म्हणतात, बागेतूनच निसटलेली आहे. उष्ण अमेरिकेतील हे झुडूप शोभेसाठी व कुंपणासाठी १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आले. रंग बदलणाऱ्या फुलांच्या झुबक्यांमुळे ते सर्वांस आवडले. तिला हाताची गरज नव्हती. तिची काळी फळे बुलबुल-साळुंक्यांनी खाल्ली आणि बी रानोमाळ टाकले. तिच्या जाळीखाली नवी रोपे उगवत नाहीत, गवत खुरटते, आणि पाला पोटात गेल्यास गुरांना विषबाधा होते. १९४१ मध्ये तिच्यावर सोडण्यासाठी परदेशातून एक कीटक आणविण्यात आला. त्याने तिचे फारसे काही बिघडले नाही. सरपण व चारा यांसाठी रानावर अवलंबून असलेल्या वारली, कातकरी व कुणबी कुटुंबांना या शोभेच्या झुडपाची किंमत मोजावी लागली. ती लावताना त्यांना कोणी विचारले नव्हते.

निवडुंगाची कथा याच्या उलट झाली म्हणून सांगण्यासारखी. अमेरिकेचा फड्या निवडुंगही कुंपणासाठी लावला गेला व माजला. परंतु १९२६ मध्ये श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणलेल्या एका किरमिजी किड्याने त्याच्या एका प्रमुख जातीचा अल्पावधीत फडशा पाडला. रानमोडीच्या वाट्याला असा शत्रू आला नाही. ‘रान मोडणारी’ हे तिचे कोकणी नावच तिच्यावरील लोकांचा अभिप्राय होय. तीही एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्याच बागेमार्गे पसरली, असे मानले जाते.

या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. जे झुडूप माणसाच्या हातावर अवलंबून राहिले ते अंगणातच राहिले. ज्याला त्या हाताची गरज उरली नाही त्यातील काहींनी रान घेतले. परकेपणा हा येथे निर्णायक नाही. चाफा परका असूनही निरुपद्रवी ठरला. रानमोगरीसारखी कित्येक देशी झुडपे बी धरूनही आपल्या मर्यादेत आहेत, कारण त्यांना खाणारे कीटक व गुरे येथेच आहेत. धोका संभवतो तो परकेपणा आणि विपुल फळधारणा एकत्र आल्यावर, विशेषतः फळे पाखरांना रुचणारी असल्यास. मागितलेल्या फांदीच्या व्यवहारात ही चाळणी आपोआप लागत असे: ज्या झुडपाने शेजारणीचे परसू व्यापले ते ती दुसरीला सहसा देत नसे, आणि दिले तरी बजावून देई. विकत घेण्याच्या व्यवहारात तशी चाळणी नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतील रोप फुलावर असताना विकले जाते. त्याला फळ कसले येईल आणि ते कोण खाईल, हे त्या वेळी दिसत नाही.

रोपवाटिकांचा हा व्यवहार सर्वस्वी निषिद्ध आहे असे मात्र नव्हे. केशरी रंगाची ‘दिल्ली’ अबोली गुणसूत्रांच्या तिपटीमुळे वांझ आहे. ती केवळ छाट कलमांनी वाढवितात. ती वेणीसाठी बाजारातून रोप आणून लावली तरी कुंपणापलीकडे जाण्याची भीती नाही. याउलट नव्या, छोट्या पानांच्या शोभिवंत घाणेरीही बाजारात दिसतात. त्या वांझ आहेत असे विक्रेता सांगत असल्यास एक पावसाळा कुंडीत ठेवून पाहावे. हिवाळ्यात फुलांच्या झुबक्यांमागे हिरवे मणी धरले तर काळे होण्यापूर्वी झुडूप उपटावे. रानातील जुन्या घाणेरीसाठी वनरक्षणाच्या कामात वापरली जाणारी रीत अशी की, फांद्या छाटत न बसता मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार बोटांवर तोडायचे आणि सारे झुडूप उलटे करून वाळू द्यायचे. नुसते वरून तोडल्यास ती दुप्पट फांद्यांनी फुटते. हे काम फळे पिकण्यापूर्वी झाले पाहिजे, आणि त्यानंतर बुलबुलांनी आणलेले बी उगवते तेथे दोन-तीन पावसाळे फेरी घालावी लागते.